उसवलेले विरुद्ध इस्त्रीवाले

रंगमंचावरच्या ऊर्जेचं शास्त्रशुद्ध मोजमाप जगात प्रथम आमच्या घरी झालं, आणि उद्या कुणी रॉक संगीताचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला आमच्या पुढच्या खोलीची पायरी चढल्यावाचून गत्यंतर नाही. अकरा वर्षं, दर रविवारी दुपारी चार ते साडेपाच, दोन तज्ज्ञ हे काम करत होते. एक मी, वजनमाप खात्यातला निवृत्त निरीक्षक. दुसरा माझा मेव्हणा, निवृत्त शिंपी, ज्याला सगळं गाव मास्तर म्हणतं. आम्हां दोघांनाही संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण त्यामुळे काही अडलं नाही, कारण सगळे कार्यक्रम आम्ही आवाज बंद करून पाहिले.

आवाज बंद, कारण शेजारच्या खोलीत माझी बायको पडलेली असे. तिला डोक्याचं दुखणं होतं. दुखण्याचं नाव फार मोठं होतं आणि औषधाची गोळी फार छोटी. चमचा बशीत पडला तरी तो तिच्या कपाळात वाजायचा. त्यामुळे आमचं घर हळूहळू शिकत गेलं. मी दर महिन्याला बिजागऱ्यांना तेल घालू लागलो. कपाटाचं दार लावताना मध्ये बोट धरायचं आणि मग बोट काढून घ्यायचं, हे मला इतकं साधलं की बोट एकदाच सापडलं. मास्तरने माझ्या सपातांना खालून जाड लोकरी कापड शिवून दिलं. मी घरात फिरायचो तो चोरासारखा, आणि चोरण्यासारखं काही नसलेल्या घरात.

मास्तर दर रविवारी बहिणीला बघायला यायचा. आम्ही दोघं तिच्या उशाशी बसायचो. एक दिवस ती म्हणाली, "तुम्ही दोघं असे चेहरे करून बसता, की मलाच माझी काळजी वाटायला लागते. बाहेर जा आणि काहीतरी बघा."

बघायला मास्तरच्या घरी एक खोकं होतं. त्याची मुलगी नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा मागे ठेवून गेलेलं. आत चौदा डिस्क. वेष्टनावर धूर आणि दाढ्या दिसल्या, म्हणून आम्हाला ते साहसपट वाटले. पहिली डिस्क लावली तर एक उघडा माणूस धुरातून ओरडत धावत आला. आम्ही वीस मिनिटं आगीचा बंब यायची वाट पाहिली. मग मास्तर म्हणाला, "भावोजी, हा गातोय."

"कशावरून?"

"हातात माइक आहे."

त्या दिवसापासून सुरू झालं. खात्यातले तपासणीचे जुने कोरे फॉर्म माझ्याकडे गठ्ठ्याने पडले होते: वस्तूचं नाव, सांगितलेलं माप, प्रत्यक्ष माप, तूट. त्यातच आम्ही बँड भरू लागलो. मी उड्या मोजायचो, आणि उडी म्हणजे दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले. एक पाय टेकलेला असेल तर ती तूट. मास्तरची पद्धत वेगळी. तो माणसाकडे बघतच नसे, कपड्याकडे बघायचा. "काखेत शिवण कुठे ताणली जाते बघा. हा नुसता हात वर करतोय, याची शिवण शांत आहे. तो मागचा ढोलवाला, त्याची बाही खांद्यातून सुटायला आलीय. खरा जोर तिथे आहे." एका गिटारवाल्याला त्याने केवळ पँटच्या गुडघ्यावरून पाच गुण दिले होते. गुडघा पुढून झिजला होता, म्हणजे हा रोज गुडघ्यावर पडतो, आजच्यापुरतं सोंग नाही.

निघताना मास्तर बहिणीच्या दाराशी जायचा. ती अंधारातून हळूच विचारायची, "कोण पुढे?" आम्ही दोघं दाराच्या फटीतून हळू आवाजात भांडायचो. तिला हसायला यायचं, हसलं की दुखायचं, मग ती म्हणायची, "जा आता, पुढच्या रविवारी सांगा."

गाळणी होत होत शेवटी दोन बँड उरले. नावं परक्या वळणाची, आमच्या जिभेला न झेपणारी, म्हणून मास्तरने बारसं केलं: उसवलेले आणि इस्त्रीवाले. उसवलेले पाचजण, एकाच्याही अंगावर धड शर्ट नाही, आणि त्यांचा गाणारा म्हणजे पिसाळलेलं वारं. त्याची एक जागा आम्ही शंभरदा तरी पाहिली असेल. गाणं मध्यावर आलं की तो एकदम स्टेजच्या कडेला धावतो, दोन्ही हात कानांपाशी नेतो, आभाळाकडे बघून ओरडतो, परत येऊन पुढ्यातल्या काळ्या खोक्याला लाथ घालतो आणि मग अशी उडी घेतो, की मी खुर्चीतून उठायचो. त्या जागेला मास्तरने दहापैकी अकरा दिले होते. इस्त्रीवाले चौघे, काळे कोट, कडक घडी, कोणी हलत नाही. त्यांच्या एका गिटारवाल्याचा फक्त डावा बूट हलतो, तोही टाचेवर.

मास्तर उसवलेल्यांचा. मी इस्त्रीवाल्यांचा. सहा वर्षं हा वाद मिटला नाही, कारण तो मिटू नये याची काळजी मी घेत होतो. खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून माझंही मत उसवलेल्यांनाच होतं. पण एकमत झालं असतं तर तिने दाराच्या फटीतून विचारायचं काय? म्हणून मी सहा वर्षं एका बुटाची बाजू लढवली. निरीक्षक म्हणून तीस वर्षांत एक खोटं माप पास केलं नव्हतं. निवृत्तीनंतर ती हौस भागवली.

चार महिन्यांपूर्वी ती गेली. झोपेत, कसलाही आवाज न करता. मी शेजारीच होतो, पण आमच्या घरात काही ऐकू येणं ही सवयच राहिली नव्हती.

त्यानंतरही मास्तर रविवारी येत राहिला. मी सोमवारपासून रविवारची वाट बघायचो, हे त्याला कधी कळू दिलं नाही. सहा दिवस घरात माझाच आवाज नसायचा. आता मी दार आपटू शकत होतो, भांडी पाडू शकत होतो, कुणाची हरकत नव्हती. एकदा मुद्दाम कपाटाचं दार आपटून बघितलं. मग बराच वेळ शेजारच्या खोलीकडे बघत उभा राहिलो. पुन्हा आपटलं नाही.

मला भीती एकच होती. मास्तर यायचा तो बहिणीसाठी. बहीण गेली. आता उरला होता एक वाद. तो मिटला की मास्तरला माझ्याकडे यायला कारण उरत नव्हतं, आणि नुसतं 'या' म्हणायची आमच्या दोघांत पद्धत नव्हती.

आणि गेल्या रविवारी मास्तर आला तो खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला, "भावोजी, आज निकाल लावून टाकू."

"घाई काय आहे?"

"सहा वर्षं झाली. याला घाई म्हणता?"

"दोन्ही बाजू नीट तपासायला हव्यात."

"तपासू की. आज आवाज लावून तपासू." त्याने शेजारच्या खोलीकडे पाहिलं आणि जीभ चावली. मग हळूच म्हणाला, "आता त्रास कुणाला होणार आहे?"

मी रिमोट शोधल्यासारखं करू लागलो. तो माझ्या हातातच होता.

आवाजाचं बटण अकरा वर्षं कुणी दाबलं नव्हतं, ते रुतून बसलं होतं. मास्तरने खिशातल्या सुईने ते उकरलं. शिंप्याच्या खिशात निवृत्तीनंतरही सुई असते. आधी इस्त्रीवाले लावले. खोलीत एकदम असं काही शिरलं, की मी उठून शेजारच्या खोलीचं दार लावून आलो. मग आठवलं, आणि परत उघडून आलो. मास्तर पडद्याकडे बघत होता. ते चौघे जागचे न हलता जे करत होते त्याने खिडकीच्या काचा थरथरत होत्या. तो डावा बूट एकटा सगळा गाडा ओढत होता.

"हात्तिच्या," मास्तर म्हणाला. "यांची शिवण आतून ताणलीय."

मग उसवलेले. ती जागा आली. गाणारा कडेला धावला, हात कानांपाशी नेले आणि आभाळाकडे बघून ओरडला. अकरा वर्षांत प्रथमच आम्ही ते ऐकलं. ते गाणं नव्हतं. त्याची भाषा आम्हाला तुटकी कळते, पण एवढं कळायला ती पुरे होती. तो म्हणत होता, "मला काही ऐकू येत नाहीये! माझा आवाज मला येत नाहीये! कुणी आहे का तिकडे?" मग त्याने काळ्या खोक्याला लाथ घातली. तो त्याला त्याचंच गाणं ऐकवायला ठेवलेला, बंद पडलेला स्पीकर होता. उडी घेतली ती कडेला आवाजाची बटणं फिरवत बसलेल्या यंत्रवाल्याचं लक्ष वेधायला. यंत्रवाल्याने वर बघितलंच नाही.

आम्ही ती जागा तीनदा लावली. तीनदाही तो तेच म्हणाला. समोर हजारो माणसं टाळ्या वाजवत होती.

मास्तर खुर्चीत मागे टेकला. "म्हणजे आपण इतकी वर्षं एका तक्रारीला गुण देत होतो."

"तसं नाही…"

"तसंच आहे. जिंकलात तुम्ही. इस्त्रीवाले. लिहा फॉर्मवर." आणि तो उठायला लागला.

मी म्हणालो, "थांबा, थांबा. स्वतःचा आवाज ऐकू येत नसताना माणूस एवढी उडी घेतो, याचे गुण वाढायला नकोत का? ज्याला ऐकू येतं तो कुणीही उडेल. बारा द्या त्याला. मी सही करतो."

मास्तर अर्धवट उठलेला तसाच राहिला. "भावोजी, तुम्ही माझ्या बाजूने का भांडताय?"

"न्यायाची गोष्ट आहे."

"कसला न्याय? तुम्ही इस्त्रीवाल्यांचे."

मी फॉर्मच्या कडा जुळवू लागलो.

"म्हणजे तुम्ही त्यांचे नव्हताच? कधीपासून?" मास्तरने विचारलं.

"पहिल्यापासून," मी म्हणालो.

मास्तर खाली बसला. पडद्यावर तो माणूस हात वर करून थांबला होता, मीच थांबवून ठेवला होता. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मला माझ्या खात्याची भाषा सोडून दुसरी येत नाही.

"मास्तर," मी म्हणालो, "काटा खोटा निघाला तर नियम काय आहे माहीत आहे? त्या काट्यावर केलेली सगळी मापं रद्द. आपला काटा अकरा वर्षं बहिरा होता. चौदाच्या चौदा डिस्क पुन्हा तपासाव्या लागतील. आवाजासकट. एकट्याच्या सहीने ते चालत नाही. दोन साक्षीदार लागतात."

"चौदा."

"एकेकीला निदान चार रविवार."

मास्तरने बोटांवर काहीतरी मोजलं, मग सोडून दिलं. डोळे पुसायला त्याने चष्मा काढला, आणि काच पुसत असल्याचं दाखवलं. माझीही काच त्याच वेळी मळली होती.

"यायला माझी ना नाही," तो म्हणाला. "पण घरी बायको विचारते. ताई होत्या तोवर ठीक होतं, आता दर रविवारी काय आहे तिकडे? बँड बघतो म्हणून सांगायची सोय नाही, या वयात. मी तिला सांगितलंय, भावोजींची तब्येत फार खालावलीय, एकटं ठेवण्यासारखी नाही. चार महिने हेच सांगतोय. आज ती फोन करून खात्री करून घेणार आहे."

"मग?"

"मग काही नाही," मास्तर म्हणाला. "जरा खोकून दाखवा बघू."