दाराखालचे दोन पत्रे

शिंप्याने मोटारीच्या वाटेला जाऊ नये, असं कुणी म्हटलं असतं तर मास्तरांनी त्याला वेड्यात काढलं असतं. आठ महिन्यांत त्यांनी अंगणात उभ्या असलेल्या दादाच्या गाडीची दोन्ही मडगार्डं बदलली होती, बॉनेट बदललं होतं, आणि सांध्यातली फट सगळीकडे अशी सारखी ठेवली होती की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. हात शिवणाचा होता. घमेंडही थोडी होतीच.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. जन्मभर लोकांच्या गाड्या चालवल्या आणि ही एक तेवढी स्वतःची घेतली. आता तो इस्पितळात होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. रविवारी घरी न्या, म्हणाले.

"मला अ‍ॅम्ब्युलन्समधून नेऊ नकोस," दादा म्हणाला. "माझ्या गाडीतून ने."

"नेतो की! त्यात काय एवढं?" मास्तर बोलून गेले.

तो बुधवार होता. राहिले होते फक्त दारांखालचे दोन लांब पत्रे, दोन्ही बाजूंचे, गंजाने खाल्लेले. मास्तरांनी आपल्या धंद्याच्या रीतीने काम केलं. आधी सगळं बेतून कापायचं, मग जोडत बसायचं. एक बाही शिवून झाल्यावर दुसरी कापायला घेणारा शिंपी कुणी पाहिलाय? गुरुवारी दुपारपर्यंत दोन्ही पत्रे कापून बाहेर काढले, चहा घेतला आणि सहज दार लावून पाहिलं.

दार लागेना. दुसरंही लागेना. दोन्ही वरच्या बाजूला चौकटीला अडत होती. मास्तरांनी आधी बिजागरीला शिव्या घातल्या, मग गाडी बनवणाऱ्याला. मग टेप लावून मोजलं. गाडी मधोमध खचली होती.

शुक्रवारी कोपऱ्यावरचा, गाड्यांचे पत्रे ठोकणारा डेंटर आला. वाकून दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"मास्तर, हे कापड नाही हो. हा गाडीचा कणा. आधी आतून पाइप जोडून आवळायचं, मग एक बाजू कापायची. ती जोडली की दुसरी. तुम्ही दोन्ही एकदम उडवल्यात?"

"रविवारपर्यंत होईल ना?"

"दहा दिवस तरी जातील. आणि तोवर आत कुणाला बसवू नका. मोडेल मधोमध."

"पाया पडतो तुमच्या."

"पाया पडून पत्रा सरळ होत नाही, मास्तर," डेंटर म्हणाला, पण त्याचाही आवाज पडला होता.

शनिवारी मास्तरांनी एकट्याने जॅक लावून पाहिला. छताला सुरकुती पडली. बायकोने हाताला धरून उठवलं तेव्हा ते उठले.

रविवारी दादा अ‍ॅम्ब्युलन्समधूनच आला. वाटभर भावाकडून तोंड फिरवून, डोळे मिटून होता. अंगणात स्ट्रेचर उतरलं तेव्हा म्हणाला, "तिच्यात बसव मला."

"नको रे दादा, मोडेल. मी वाट लावली तिची."

"बसव म्हणतो ना."

मास्तरांनी त्याला उचललं. बेचाळीस छातीचे सदरे त्यांनी वर्षानुवर्षं या भावासाठी शिवले होते. त्या हिशेबाने त्यांनी जोर लावला आणि दादा एकदम खांद्यापर्यंत वर आला. मास्तर गोंधळले. मग त्यांनी त्याला अलगद स्टिअरिंगमागे ठेवलं आणि कान देऊन, श्वास रोखून उभे राहिले.

"बघ, काही होत नाही तिला," दादा खुशीत म्हणाला. "उगाच घाबरवतोस."

मास्तरांनी वाकून दाराची चौकट पाहिली. ती तसूभरही हलली नव्हती. दादाच्या वजनाने खचली असती, कडकन मोडली असती तरी चाललं असतं, असं त्यांना वाटलं. ते तिथेच मातीत बसले आणि ढसाढसा रडू लागले.