शरण्याचा एकच शब्द

मुलांचं आकलन तपासणाऱ्या विजयलक्ष्मीने तिसरं चित्र टेबलावर ठेवलं आणि तमिळमध्ये विचारलं, हे काय? नऊ वर्षांच्या शरण्याने मान वर केली नाही.

“नाय,” ती म्हणाली.

पंखा झाला, केळं झालं, आता पोपट. सगळ्यांना तोच एक शब्द. तमिळमध्ये नाय म्हणजे कुत्रा. गेल्या वर्षीच्या तपासणीतही हेच झालं होतं, आणि विजयलक्ष्मीने अहवालात बिनदिक्कत लिहिलं होतं: प्रत्येक वस्तूला कुत्रा म्हणते, आकलन फारच कमी. तेवढ्यावर शरण्याची शाळा बंद झाली आणि तिला घरीच शिकवायचं ठरलं. मुलाला जे येतं तिथूनच सुरुवात करायची, म्हणून शरण्याचा पाठही कुत्र्यापासून आखला गेला. वर्षभर एक शिक्षिका आठवड्यातून एकदा दारासुरम गावी तिच्या घरी जात होती. शरण्याची त्या पाठांची वही समोरच होती, पानोपानी कुत्रे. आजचा निकालही तसाच लागला, तर मुलीला शाळेचं दार पुन्हा दिसणार नव्हतं.

गेल्या वर्षी आईवडिलांना खोलीबाहेर बसवलं होतं. या खेपेला मुलगी रडायला लागली म्हणून वडील, नरसिंह, आत आले होते. विजयलक्ष्मीशी ते अदबीने तमिळच बोलत. आता मात्र मुलीच्या पाठीवर हात फिरवत ते तिच्या कानाशी हळूच पुटपुटले.

“ठाऊक नाय तर नाय म्हण, गे. भिऊं नको.”

विजयलक्ष्मीचं पेन थांबलं. तमिळ मुलखात स्थायिक झालेल्या मराठी घरांची ही बोली; तिची आई तिच्याशी याच बोलीत बोलायची. अहवालातला घरच्या भाषेचा रकाना तिने न विचारताच भरला होता: तमिळ. तिच्या स्वतःच्या शाळेच्या अर्जात तिच्या वडिलांनीही तेच लिहिलं होतं. बाहेर तमिळ बोलायचं, इतकं अंगवळणी पडलेलं की कानही बाहेरचेच झाले. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ घाईही झाली.

पोपटाचं चित्र तिने पुढे सरकवलं. त्या टेबलावर ती पहिल्यांदाच मराठी बोलली.

“शरण्या, हें काय, गे?”

नरसिंह चमकून पाहत राहिले. शरण्याने मान वर केली. बाईंचं तोंड निरखलं, मग चित्र, मग वही. तिचा चेहरा एकदम खुलला.

“नाय,” ती म्हणाली, आणि कुत्र्यासारखी दोनदा भुंकली.

शाबासकीसाठी ती थांबली.

“आधीं राघू म्हणायची,” नरसिंह वहीकडे पाहत म्हणाले.