अकराचा पेपर

तिसऱ्यांदाही प्रश्नपत्रिका ऑफिसातल्या साध्या प्रिंटरमधूनच बाहेर आली. गणिताच्या बाईंनी कागदावरून बोटं फिरवली. कागद गुळगुळीत होता, एकही ठिपका उठला नव्हता.

"बाई, सकाळीच मी माझ्या खात्यातून नवं मशीन सगळ्यांसाठी डिफॉल्ट करून ठेवलंय," कारकून काकुळतीला आला. "तरी ऐकत नाही."

दहा चाळीस झाले होते. अंधशाळेतल्या आठ मुली आज पहिल्यांदाच स्वतः पेपर वाचणार होत्या. ब्रेल छापणारं मशीन त्यासाठीच आलं होतं. अडीअडचणीला पेपर वाचून दाखवणारे वाचक बोलावून ठेवू, असं मुख्याध्यापक म्हणाले, तेव्हा बाईंनीच ठामपणे नको म्हटलं होतं.

"सरका जरा, भाऊसाहेब."

बाईंनाही दिसत नव्हतं. त्यांनी माउस बाजूला ढकलला आणि कमांड लाइन उघडली. तिथे चित्रं नव्हती, नुसते शब्द होते, आणि शब्द संगणक त्यांना कानात वाचून दाखवायचा. डिफॉल्ट प्रिंटर कोणता, असं त्यांनी टाइप करून विचारलं.

"ऑफिस," कानातला आवाज म्हणाला.

"पेपर माझ्या खात्यातून जातोय ना!" बाई खुर्चीतच उसळल्या. "माझ्या खात्यात मीच कधीतरी जुना प्रिंटर कायम केलाय. तुमच्या सांगण्याला ते भीक घालत नाही."

"म्हणजे सगळ्या जगाला कळलं, तुमच्या खात्यालाच नाही?"

"आत्ता कळेल. मशीनला नाव काय दिलंत?"

कारकून घुटमळला. "धडधड. आवाज फार करतं ना."

बाई खळखळून हसल्या. हसता हसताच त्यांनी ओळ टाइप केली, नावातलं एक अक्षर चुकलं, पुन्हा टाइप केली. छापायला सांगितलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग कोपऱ्यातलं मशीन असं कडाडलं की कारकून दचकून दाराशीच गेला.

"अहो, पळताय कुठे? कागद धरा!"

अकराला दोन मिनिटं कमी असताना आठही बाकांवर प्रश्नपत्रिका पोचल्या. वर्गात नुसती बोटांची सळसळ. बाई ऐकत उभ्या राहिल्या.

"बाई," पहिल्या बाकावरून आवाज आला, "तिसरा प्रश्न चुकलाय. या त्रिकोणाचे कोन मिळून एकशे नव्वद होतात."

"मलाही तेवढेच आले!" मागून दुसरी ओरडली.

आजवर वाचक अशा चुका वाचता वाचताच निस्तरायचे. बाईंनी टेबलाची कड चाचपून घट्ट धरली.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. "आणखी कुठे चुकलंय का, बघा बरं."