दिपालीला सांगू नका

आमच्या घरात मला काही सांगायचं नाही, असा नियम आहे. तो कुणी केला, केव्हा केला, मला ठाऊक नाही. पण पाळतात मात्र सगळे. बारावीत फिजिक्सच्या पेपरला परीक्षा केंद्राच्या फाटकातच मला उलटी झाली आणि मी चक्कर येऊन पडले. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं, मी उठले, आत गेले, पेपर दिला, पासही झाले. पेपर दिल्याचं आणि पास झाल्याचं कुणाच्या लक्षात नाही. लक्षात राहिली ती उलटी. तेव्हापासून मी घरातली नाजूक पोरगी. आत्या भांडून निघून गेली, दिपालीला सांगू नका. दुकानाचं कुलूप फोडलं, दिपालीला सांगू नका. तिला टेंशन येतं.

आणि ही नाजूक पोरगी शिकते काय, तर नर्सिंग. दुसऱ्या वर्षाला आहे मी. वॉर्डात रक्त पाहिलंय, पू पाहिलाय. एका म्हातारीनं माझा हात धरूनच प्राण सोडला होता. मी तिचे डोळे मिटले, चादर बदलली, बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पुढच्या खाटेवरच्या बाईचा ताप मोजला. पण हे घरी कुणाला सांगणार? घरच्यांच्या लेखी मी अजून त्या फाटकातच पडलेली आहे.

गाव आमचं देवळी. बाबांचं, म्हणजे बंडूजींचं, तिथे बांगड्यांचं दुकान आहे. पण दुकान खरं आई चालवते, कारण बांगड्या भरायला बायकांचे हात आईच्याच हातात येतात. मी वर्ध्याला सिंदी मेघेत खोली करून राहते, ज्योत्स्ना नावाच्या मैत्रिणीबरोबर. आमच्या खोलीसमोरून मोठा रस्ता जातो आणि रस्त्यापलीकडे एक मोठं हॉस्पिटल आहे. आमचं कॉलेज त्याच्याशी जोडलेलं नाही, त्यामुळे माझं तिकडे कधी जाणं नव्हतं.

परीक्षा सुरू होती. रात्री झोप नाही, कंगव्यात केसांचे पुंजके. कॉलेजनं ताणतणावावर एक व्याख्यानही ठेवलं होतं. पाहुण्या मॅडमनी दीर्घ श्वास घ्यायला लावला, सगळ्यांनी घेतला, फोटो निघाले. मी मनात म्हटलं, परीक्षा आहे, चालायचंच. आणि परीक्षेपुरतं ते खरोखर चालण्यासारखंच होतं. पण त्याच आठवड्यात अख्खी देवळी माझ्या रस्त्यावर यायला लागली.

पहिले भेटले रूपरावकाका, आमच्या दुकानाला लागून ज्यांचं शिलाईचं दुकान आहे ते. हातात दोन शहाळी. मला पाहिल्यावर ते असे दचकले की एक शहाळं हातातून सुटून नालीत गेलं.

"काका, तुम्ही इकडे?"

"दात," ते म्हणाले. "दात दाखवाले आलतो."

"आणि शहाळी?"

"दाताले चांगलं असते म्हणते डॉक्टर." मग त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. जन्मात कधी फिरवला नव्हता. "टेंशन नाई ना घेऊन राह्यली बेटा? नोको घेऊ."

दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णाकाकू. काखेत थर्मास, पिशवीत बिस्किटांचे पुडे. म्हणाल्या, साडी घ्यायला आले. थर्मास घेऊन साडी घ्यायला! त्याही माझ्याकडे अशा बघत होत्या की मला वाटलं, माझ्या तोंडावर काही उठलंय की काय. त्यानंतर शेजारचे दोघं, मग आईच्या भिशीतल्या तिघी एकाच ऑटोतून. प्रत्येकाच्या तोंडी तेच, टेंशन घेऊ नको. एवढ्या लोकांनी एवढ्या मायेनं टेंशन घेऊ नको म्हटल्यावर माणसाला दुसरं काय येणार?

खोलीवर आले की अभ्यासाला बसायची. पुस्तकातल्या ओळी पुन्हा पुन्हा वाचायची, डोक्यात काही शिरायचं नाही. मला वाटलं माझं लग्न ठरवलं असेल. मग वाटलं मलाच काही आजार आहे, रिपोर्ट घरी गेलाय आणि मला लपवताहेत. आरशासमोर उभी राहून मी माझ्याच मानेच्या गाठी चाचपून पाहिल्या. ज्योत्स्नाला विचारलं, "मी आजारी दिसते का गं?" तर ती पुस्तकात तोंड खुपसून म्हणाली, "झोप थोडा वेळ." ज्योत्स्ना झोपेचा सल्ला कधी देत नाही. ती लाइट चालू ठेवते म्हणून आमची भांडणं होतात.

शेवटचा पेपर बाकी होता तेव्हा, दुपारी मी आईला फोन केला. तिचा आवाज अगदी बारीक.

"काय करून राह्यली आई?"

"दुकानात हावो. गर्दी हाय लय."

आणि मागून एक खणखणीत आवाज आला, "पेशंटजवळ एकच नातेवाईक थांबा! बाकीचे बाहेर!"

फोन लगेच कट झाला.

आता हा आवाज मी ओळखणार नाही? हे वाक्य मी स्वतः वॉर्डात बोलते, याच सुरात बोलते. बांगड्यांच्या दुकानात पेशंट केव्हापासून यायला लागले? मी ज्योत्स्नाकडे वळले. काही विचारायचीही गरज पडली नाही, ती रडायलाच लागली. तुझ्या आईच्या छातीत गाठ होती, म्हणाली. ऑपरेशन झालं. समोरच आहे. तुझ्या बाबांनी मला शपथ घातली होती.

समोरच. रस्ता ओलांडला की. मी खिडकीत उभी राहून चहा प्यायचे तेव्हा आई त्या भिंतीपलीकडे कुशीवर वळता येत नाही म्हणून विव्हळत होती. रूपरावकाकांना माहीत, भिशीतल्या बायकांना माहीत, ज्योत्स्नाला माहीत. माझ्यापासून बातमी लपवली, पण पेशंटला भेटायला येणं काही कुणाला सोडवलं नाही!

मी चपला घालून निघाले. फाटकावरच्या शिपायानं पास मागितला. मी त्याच्याकडे असं काही बघितलं असेल की तो बाजूला झाला. सर्जरीचा बायकांचा वॉर्ड सापडायला मला वेळ लागत नाही, सगळी हॉस्पिटलं सारखीच असतात. बाहेरच्या बाकावर बाबा बसले होते आणि शेजारी माझा मोठा भाऊ गजेंद्र, मोबाइलमध्ये डोकं घालून.

मला बघताच बाबा उभे राहिले. "कोणं सांगतलं तुले?"

हा पहिला प्रश्न. आई बरी आहे, हे नाही. बस बेटा, हेही नाही. कोणं सांगतलं.

"कोणीच नाई सांगतलं!" मी ओरडले. "तेच तं भांडण हाय माझं! साऱ्या देवळीले ठाव हाय, मले काऊन नाई?"

"हळू बोल. तुझा पेपर हाय. तुले टेंशन नोको म्हणून..."

"टेंशन? पागल व्हायची पाळी आली होती माझ्यावर! मले वाटलं, मीच मरून राह्यली!"

गजेंद्र म्हणाला, "पाह्य, आताच हे हाल. आधी सांगतलं असतं तं काय केलं असतं तुनं?"

"ऑपरेशनच्या आधी तिच्याजवळ बसली असती! तिचे केस विंचरून दिले असते! मी नर्सिंग शिकून राह्यली गजू, तू मोबाइल पाहून राह्यला!"

आत नर्सनं काचेवर टकटक केलं. बाबांनी माझं मनगट धरलं आणि जिन्यापाशी नेलं. मला वाटलं समजूत काढणार. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. इतके दिवस काही सांगितलं नाही आणि आता एकदम हा कागद. मी वाचला. पुन्हा वाचला. अशा कागदांत काय लिहिलेलं असतं ते मला वाचता येतं. गाठ कॅन्सरची होती.

"आज सकाळी आला," बाबा म्हणाले. "तुह्या आईले चरबीची गाठ सांगतली आमी. तू आलीच हाय तं आता हासून बोलजो तिच्यासंग. तिले हे सांगजो नोको. तिले टेंशन येईन."

मला भयंकर राग आला. हा माणूस माझा बाप आहे, चांगला आहे, मला शिकवतो आहे, हे सगळं मला माहीत होतं आणि तरी त्याच्या अंगावर तो कागद फेकावासा वाटला.

"उद्या सलाइनमधून औषध चढवसान, तवा काय सांगसान? टॉनिक हाय म्हणून? केस गेल्यावर काय सांगसान? शाम्पू खराब होता?"

"तवाचं तवा पाहू."

"तिचं अंग हाय बाबा! तिच्याच अंगात काय हाय ते तुमाले ठाव, गजूले ठाव, अन् तिलेच नाई?"

बाबा जिन्याच्या पायरीवर बसले. खाली बघत म्हणाले, "मले सांगता येत नाई दिपू. तोंडातून निंघतच नाई."

तेव्हा मला कळलं, आणि कळूनही राग काही कमी झाला नाही. बारावीपासून मी नाजूक आहे म्हणून हे सगळं चाललंय, असं मी समजत होते. नाजूक मी नव्हतेच. ज्याला सांगायची भीती वाटते तो समोरच्यालाच कमजोर ठरवतो, म्हणजे आपलं भ्यायलेलं तोंड झाकता येतं. एवढ्यासाठी माझी इतकी वर्षं गेली. मी कागद बाबांच्या हातात दिला आणि आत गेले.

आई भिंतीकडच्या खाटेवर होती. हातात एकही बांगडी नाही, ऑपरेशनच्या आधी उतरवतात. त्या मोकळ्या मनगटांनी ती मला परकीच वाटली. मला बघून ती उठायला गेली आणि दुखलं म्हणून पुन्हा पडली.

"तुले कोणं सांगतलं?"

"तू बी तेच विचार!" मी म्हटलं. "फोनवर दुकानात हावो म्हणते! लाज नाई वाटत पोरीशी खोटं बोलाले?"

"तुझा पेपर होता माय."

"पेपर गेला उडत!"

शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे तोंड करून व्यवस्थित वळली. मी पडदा ओढला आणि स्टुलावर बसले. आईनं माझा चेहरा निरखून पाहिला. मग म्हणाली, "दिपू, चरबीची गाठ असली तं एवढे डॉक्टर येतेत का पाहाले?"

मी तिच्या सलाइनची नळी सरळ केली.

"गजेंद्र घरी दोन शब्द बोलत नाई माझ्यासंग. इथं सकाळपासून हासून राह्यला, चुटकुले सांगून राह्यला. तुझे बाबा मले सफरचंद कापून देतेत. लग्नापासून कधी दिलं नाई. छातीत धडधड होते माझ्या. झोप लागत नाई. हे काय हाय सांग."

हे सगळं मला चांगलं ओळखीचं होतं. मी तिचा हात धरला आणि सांगितलं. शब्दही तोच वापरला. कॅन्सर. वॉर्डात आम्हाला शिकवतात की आवाज शांत ठेवा. माझा राहिला नाही, पण सांगितलं सगळं. गाठ लहान होती. लवकर सापडली. औषधं लांब चालतील, केस जातील, उलट्या होतील.

"मी मरीन का?"

"आत्ता नाई सांगता येत. मले जे कळन ते तुले सांगीन. रोज सांगीन."

आईचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल. एवढ्या कमजोर बाईच्या अंगातून एवढा आवाज कसा निघाला, कोण जाणे.

"अहो! इकडे या! चरबीची गाठ म्हणे! माझी गाठ, अन् मलेच नाई सांगत? काऊन? मी का लहान लेकरू हावो?"

मी बाहेर जे ओरडले होते त्यापेक्षा हे शब्द फार वेगळे नव्हते. मी म्हटलं, "आता कसं वाटते? तुनं बी माझ्यासंग हेच केलं."

"तुझं अलग होतं," आई तावातावानं म्हणाली. मग थांबली. "नाई. अलग नोतं."

बाबा पडद्याला धरून उभे होते. आई रडायला लागली. टाके दुखत होते म्हणून एका हातानं छाती दाबून रडत होती. मी गप्प बस म्हटलं नाही, बाबा म्हणायला लागले तर त्यांनाही म्हणू दिलं नाही.

"रडू द्या मले," आई म्हणाली. "सारे नुसते हासून राह्यले. मले रडाले जागाच नाई ठेवली कोणं."

दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. सकाळी तोंड धुऊन मी तो द्यायला गेले. दोन प्रश्न सोडून आले आणि तशीच वॉर्डात गेले. आई उशीला टेकून बसली होती, बाबा तिच्या पायाशी.

"आई, पेपर वाईट गेला."

"मले बी आज लय दुखून राह्यलं," आई म्हणाली. "अन् भेव लागून राह्यलं."

बाबा घाईघाईनं उठले, चहा आणतो म्हणाले आणि पडद्याकडे वळले. आईनं त्यांच्या शर्टाचं टोक धरलं.

"चहा नोको. बसा इथंच. ऐका."