सातवी चटई

“ही चटई कुणाची?” शहरातून आलेल्या एलेनोआने विचारले.

“फिफिताची,” तोआकासे म्हणाली.

“मग तुम्ही सातजणी हिच्यावर का बसलाय?”

बायका हसल्या. “का हो बाई,” फिफिता म्हणाली, “तुमच्या शहरात काय एकटीच विणते वाटतं? मग गप्पा कुणाशी मारते?”

लेसिएली हसली नाही. कडेला बसून ती केवड्याची एक पात दुसरीखालून सरकवत राहिली. चौथा आठवडा चालू होता. तीन चटया पुऱ्या होऊन आपापल्या घरी गेल्या होत्या, चौथी समोर होती, आणि लेसिएलीची पाळी सातवी होती.

बेटावरच्या त्या गावात विणकाम असेच चाले. सगळ्याजणी मिळून आठवड्यात एकीची चटई संपवायच्या, मग दुसरीची घ्यायच्या. पाळ्या लावायचा मान वयाने मोठ्या तोआकासेचा. एलेनोआच्या संस्थेने गरजू घरांसाठी योजना आणली होती. आठव्या आठवड्यात जिच्या घरी पुरी चटई दिसेल, तिला बंदरावरच्या बाजारात वर्षभर बसायला जागा मिळणार होती. लेसिएलीचा नवरा फळे तोडायला ऑस्ट्रेलियाला गेला, त्याला दोन वर्षे झाली. पहिल्या वर्षी निरोप यायचे. आता ती आणि दोन मुली दिराने दिलेल्या कंदांवर जगत होत्या. बाजारात जागा मिळाली, तर दिराच्या दारात टोपली घेऊन उभे राहणे सुटणार होते.

ती उत्तरेकडच्या नीउआ बेटावरची. लग्न होऊन अकरा वर्षे झाली, तरी गाव तिला ‘नीउआची’ म्हणे. आपल्याला शेवटी का टाकले, याचे तिच्याजवळ एकच उत्तर होते. सहाजणींचे काम झाले की कुणाची आई आजारी पडेल, कुणाकडे मयत होईल, आणि सातवीसाठी कुणी बसणार नाही. तोआकासेने परवा विचारले होते, “तुझ्याकडं पात किती आहे गं?” एवढ्या साध्या प्रश्नातही तिला हिशेबाचा वास आला होता.

जेवणाच्या सुट्टीत एलेनोआने कागद काढून एकेकीला बोलावले.

“लेसिएली, तुझ्या नावापुढं काहीच नाही. महिनाभर काय केलंस?”

“विणलं.”

“काय विणलं?”

“त्यांच्या चटया.” तिने मागे पाहिले. बायका उकडलेल्या अळकुड्या सोलत होत्या. “खरं सांगू बाई? त्यांचं झालं की माझ्यासाठी कुणी हात हलवायचं नाही. तुम्ही तपासायला याल तेव्हा माझं घर मोकळंच असेल. लिहून घ्या.”

एलेनोआने लिहून घेतले. दुपारी तिने सगळ्यांना नियम सांगितला. योजना घरासाठी आहे, गटासाठी नाही. उद्यापासून जिची चटई तिने आपल्या घरी विणायची. दुसरीचा हात लागलेला दिसला, तर दोघींची जागा जाईल.

“ही अर्धी झालीय, एवढी तरी संपवू का?” तोआकासेने विचारले.

“नको. नियम तो नियम.”

कुणी वाद घातला नाही. पाहुण्याला उलट बोलायची तिथे रीत नव्हती. फिफिताने अर्धी चटई गुंडाळली. तोआकासेची स्वतःची पाळी सहावी होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी फिफिता लेसिएलीच्या दारात आली. तिच्या हातात पातीची वेटोळी होती. समुद्रात भिजवून उन्हात पांढरी केलेली, नखाने चिरावी इतकी बारीक.

“तोआकासेकाकूंनी दिलंय. तुझ्या चटईसाठी काढून ठेवलं होतं.”

“माझ्या?”

“सहा चटया झाल्या की हात एकमेकींना सरावतात, मग सातवी सगळ्यात चांगली निघते. तिला बाजारात बसायचंय, नवरा नाही जवळ, म्हणून शेवटची तिची. असं म्हणत होत्या.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तू विचारलंस कधी? बाईंना बरं सांगितलंस.”

लेसिएलीने वेटोळी घेतली. “बस की जरा.”

“नको गं. कुणी पाहिलं तर माझी जागा जायची,” फिफिता म्हणाली. “आणि इथं बघणारी तूच आहेस.”

ती गेल्यावर लेसिएली पात चाचपत राहिली. खरेच असे म्हणाली असेल तोआकासे? की लाजवायला पाठवले? पात जितकी बारीक, तितके काम लांबते. एकटीने ही चटई चार आठवड्यांत उरकणार नाही, हे त्या म्हातारीला ठाऊक नसेल का?

तिने घरातले सामान भिंतीशी लावले आणि जमिनीवर विणकाम मांडले. हात पोहोचेल तेवढी ओळ विणली. मग उठून हातभर उजवीकडे सरकली, बसली, आणि पुढे विणू लागली. अशी सातजणींच्या सात जागी एकटीच बसली, तेव्हा पलीकडची कड आली. पहिली ओळ पुरी झाली.

कंबर धरून ती परत पहिल्या जागी आली.