राधावहिनींचं टेबल

अंधेरीच्या एका क्लबमध्ये दर गुरुवारी आमचा फंक बँड वाजतो. ड्रमवर कुंडलिकदादा, वय सत्तरीकडे झुकलेलं, आणि बेस गिटारवर मी. दादांना एकच खोड होती. रंगात आले की लय पळवायचे. मग समोरच्या टेबलावरून त्यांची बायको, आमच्या राधावहिनी, तळवा पालथा धरून हळूच खाली आणायच्या. सावकाश. दादा गुमान लयीवर यायचे. माझ्या वटारलेल्या डोळ्यांना मात्र त्यांनी कधी भीक घातली नाही.

वहिनी गेल्यानंतरचा हा पहिलाच गुरुवार. मॅनेजरने त्यांच्या टेबलावर बर्थडे पार्टी बसवली होती. मी त्याला झापायला निघाले, तर दादाच म्हणाले, "जाऊ दे गं. रिकामं बघवलं नसतं."

दुसऱ्याच गाण्यात लय सुटली. दादा त्या टेबलाकडे बघत सुसाट निघाले आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे फरफटत. पार्टीतली पोरं तर खूश होऊन नाचायलाच लागली. मला राहवलं नाही. तारांवरचा हात उचलून मी वहिनींसारखाच तळवा हळूच खाली आणला.

दादांनी तो पाहिला आणि काठ्या मांडीवर ठेवल्या. गाणं मध्येच थांबलं.

मी धावत त्यांच्याजवळ गेले. "सॉरी दादा, पण लय फारच पळत होती ना!"

"कळतं गं मला. पहिल्यापासून कळतं," ते म्हणाले. "तिने हात करावा म्हणूनच पळवायचो."