दीड दिवसाच्या अळ्या

जाहिदाने चिमट्याने दहावी अळी उचलून आलेखाच्या कागदावर ठेवली आणि भिंगातून रेघा मोजल्या.

"पाच मिलिमीटर. बाकीच्याही तेवढ्याच," ती म्हणाली. "म्हणजे अंडं घातल्यापासून दीड दिवस. चार-सहा तास इकडेतिकडे. कोणत्या ट्रेमधल्या, व्यंकटमामा?"

व्यंकटमामांनी स्टूल ओढलं आणि ते बसले. दोन वर्षांत ते तिच्यासमोर कधी बसले नव्हते.

घरमाशीच्या अळीत प्रथिनं किती, चरबी किती, आणि कितव्या तासाला अळ्या काढल्या तर कोंबड्यांच्या खाद्याला जास्त उपयोगी, हा जाहिदाच्या पीएच.डी.चा विषय. तिच्या बरोबरीचे सगळे लातूरच्या क्लासेसमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवून बंगले बांधत होते, आणि ही बाई कॉलेजच्या मागच्या खोलीत कोंडा नि दूधपावडर कालवून माशा पाळत बसली होती. लोक नाकाला रुमाल लावून पुढे सटकत. टिकले ते एकटे शिपाई व्यंकटमामा. भूकंपग्रस्त म्हणून नोकरीला लागलेले, सातवी शिकलेले, पण मापाला पक्के. खोलीचा नियम होता की प्रत्येक माप दोघांनी घ्यायचं आणि दुसऱ्याचं होईपर्यंत पहिल्याने आपला आकडा बोलायचा नाही.

"माझं बी दीडच आलं होतं," मामा म्हणाले.

"मग बरोबरच आहे की."

"हाव. बरोबरच हाय." त्यांनी तळहात गुडघ्यांवर पुसले. "ह्या एका ट्रेतल्या न्हाईत, मॅडम. चार ट्रे धुंडाळून वेचल्या. मी बघितल्या होत्या, अगदी तेवढ्याच."

"कुठे बघितल्या होत्या?"

"आमच्या दीपमालाच्या अंगावर."

दीपमाला म्हणजे मामांची मुलगी. किल्लारीकडच्या त्यांच्या गावात भूकंपात गेली तेव्हा दुसरीत होती. झोपेतच गेली बिचारी, काही कळलंच नाही तिला, असं मामा सगळ्यांना सांगत. यंदा ती बारावीला असती. समोरच्या क्लासची बॅच सुटली की मामा खिडकी लावून घ्यायचे. खोलीत वारा नको म्हणून, अशी जाहिदाची समजूत होती.

आता ते तिच्याकडे न बघता सांगू लागले. गणपती विसर्जनाची रात्र. ते स्वतः शेतावर, बायको कस्तुराबाई अंगणात आणि पोर आत माळवदाखाली. गुरुवारी पहाटे घर बसलं. त्याच संध्याकाळपासून कस्तुराबाई ढिगाऱ्यावर बसून एकच सांगत होती, पोर हाक मारती. शुक्रवारी दुपारी मिलिटरीचे जवान आले. कान लावून ऐकलं, पण पावसाच्या आवाजात त्यांना काही कळेना.

"ते मला म्हणले, खोदायचं का? एवढ्या दगडाखाली कोण राहतंय जित्तं, मॅडम? पलीकडच्या गल्लीत माणसं वरडत होती. मी म्हणलं, हिला भास होऊन राहिलाय, तुमी तिकडं जावा."

"मग?"

"तिकडं दोघं जित्ते निघाले. आमची पोर रविवारी सांजच्याला निघाली."

रविवारच्या संध्याकाळमधून दीड दिवस वजा करायला जाहिदाला कागद लागला नाही. शनिवारची पहाट. शुक्रवारी दुपारी ती मुलगी जिवंत होती.

"मामा, ढिगाऱ्याखाली माशा उशिरा पोचतात," ती घाईने म्हणाली. "त्यावरून नाही सांगता येत."

"फट होती. माश्याच आतबाहेर करत होत्या, त्यावरून तर जागा सापडली. मी इथं मागं दगडाखाली मटण ठेवून बघितलं. तासाभरात बसल्या."

"पाऊस होता ना तेव्हा?"

"पावसाळ्यात बी ठेवून बघितलं."

खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. जाहिदाला ते कधी जमलं नव्हतं, आणि या माणसाने तर तिच्या एकेका खोट्याची वाट दोन वर्षं बसून बुजवली होती. तिला त्यांची दया आली आणि रागही आला. न सांगता आपल्याकडून हे माप घेतलं, याचा.

"कशाला मोजलंत हे, मामा? आता काय उपयोग?"

"कस्तुराबाईला अजून ऐकू येतंय. दहा वर्षं झाली. रोज उठून बसती. सगळा गाव तिला येडी म्हणतो, दवाखाने झाले, गोळ्या झाल्या. आन् पहिल्यांदा भास मीच म्हणलो होतो." ते उठले. "ती खरं बोलत होती, एवढं तिला सांगू का न्हाई? तुमी सांगा."

सांगितलं तर बाई शहाणी ठरत होती आणि लेक दोन दिवस हाका मारून मेलेली ठरत होती. जाहिदा भिंगाची काच पुसत राहिली. शेवटी म्हणाली, "तिचं आहे ते. तिला द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले नाहीत. दहाच्या सुमारास खोलीच्या दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर नीट पदर, हातात खोलीची किल्ली.

"मी कस्तुराबाई. किल्ली द्यायला आले."

"या ना, बसा."

"बसत न्हाई. सांगितलं त्यांनी मला रातच्याला सगळं." तिचा आवाज स्थिर होता. "म्हणले, तू बरोबर ऐकलं होतंस. लई रडले मी. मग झोप लागली. मधी जागच आली न्हाई, मॅडम. काईच ऐकू आलं न्हाई." हे सांगताना तिला लाजल्यासारखं झालं.

जाहिदाच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिने किल्ली घेतली.

"आणि मामा? ते का नाही आले?"

कस्तुराबाईने रस्त्याकडे पाहिलं.

"ते पहाटेपासून अंगणातल्या फरश्या उचकटून राहिलेत. मी म्हणलं, अवो, भास हाय तो. ऐकतच न्हाईत."